ठोकळा बसला की पास

त्या फर्निचरच्या कारखान्यात खुर्ची तयार झाली असं कुणी म्हणत नसे. खुर्ची पास झाली, असं म्हणत. आणि पास करायचं काम एकट्या ठोकळ्याचं. तसा तो पॉलिशवाला. दिवसभर हातात फडक्याचा बोळा, बोटं कायम तपकिरी. पण सरस वाळून खुर्ची उभी राहिली की मिस्त्री, म्हणजे कारखान्याचा मालक, ती मधोमध आणून ठेवायचा आणि हाक मारायचा. ठोकळा बोळा खाली ठेवून यायचा. आधी नुसता टेकायचा, मग सगळं वजन सोडून द्यायचा, मग मागच्या दोन पायांवर रेलून असा काही डुलायचा की बघणाऱ्या गिऱ्हाइकाचाच जीव वरखाली व्हायचा. खुर्ची गप्प राहिली तर तो तिच्या पोटाखाली पेन्सिलीनं बरोबरची खूण करायचा. करकरली तर ती परत मिस्त्रीच्या बाकावर, सांधा ठोकून मोकळा करायला. 'ठोकळा बसला की पास,' हे वाक्य मिस्त्री नव्या गिऱ्हाइकाला आवर्जून ऐकवायचा, आणि त्यावर सगळ्यांच्या आधी ठोकळाच हसायचा.

आधी हसायची त्याला सवयच लागली होती. हे नाव शाळेतल्या पोरांनी ठेवलेलं. ते त्याला चिकटलं ते चिकटलंच. बसमध्ये तो शिरला की शेजारची जागा रिकामी असूनही लोक तिच्यावर पिशवी ठेवून ती अडवून धरत. कुणाकडे जेवायला गेला आणि दुसऱ्यांदा भात घेतला, की स्वतः तिसऱ्यांदा घेणारी माणसंसुद्धा 'आता पुरे हं' म्हणायला मोकळी. दुसऱ्याच्या ताटात डोकावायचा हक्क लोकांना कुणी दिला कोण जाणे, पण ताट जाड्या माणसाचं असलं की तो सगळ्यांना आपोआप मिळतो. त्याची बायको अंगानं काडी. ती कपडे धुण्याच्या दुकानात दिवसभर उभी राहून इस्त्री करायची, भूक सपाटून लागायची, आणि नवऱ्यापेक्षा दोन घास जास्तच खायची. तिच्या ताटाकडे जन्मात कुणी पाहिलं नाही.

डॉक्टरांचीही तीच तऱ्हा. माणूस वाईट नव्हता, पण ठोकळा दारात दिसला की निदान झालेलंच असायचं. गुडघा दुखतो म्हटलं, वजन कमी करा. खोकला आहे, वजन कमी करा. एकदा कान ठणकत होता, तेव्हाही तेच. ठोकळ्यानं हे सगळ्यांना रंगवून सांगितलं आणि भरपूर हशा मिळवला. कान मात्र पुढे बरेच दिवस ठणकत राहिला.

आणि मग एके वर्षी त्याची पँट सैल व्हायला लागली.

त्यानं काहीच केलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. चालणं नाही, उपास नाही, साखर सोडणं नाही. उलट भूक वाढली होती. डबा संपवून तो लाकडाच्या थप्पीमागे जाऊन केळी खायचा, उकडलेली अंडी खायचा, घरी जाता जाता पाव घ्यायचा आणि दारापर्यंत तो संपलेला असायचा. तरी अंग उतरतच होतं. कारखान्यातल्या टोच्यानं त्यानं पट्ट्याला एक नवं भोक पाडलं, काही दिवसांनी त्याच्या पुढे आणखी एक.

सगळ्यात आधी हे चहाच्या टपरीवर लक्षात आलं. चहावाल्यानं ग्लास पुढे करता करता त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि चार माणसांत जाहीर केलं, की ह्याला म्हणतात मनावर घेणं. बाकीचे वळून बघायला लागले. काय करतोस, असं कुणीतरी विचारलं. खरं उत्तर 'काही नाही' असं होतं. पण सगळे इतक्या कौतुकानं बघत होते, की त्याच्या तोंडून निघून गेलं, थोडं चालतो.

एकदा चालायला लागल्यावर थांबता येईना. पुढच्या आठवड्यात त्यानं साखर सोडली, त्याच्या पुढच्या आठवड्यात तो दिवेलागणीच्या आत जेवायला लागला, म्हणजे टपरीवरच्या गप्पांत. लोक बारकाईनं विचारायचे आणि तो बारकाईनं सांगायचा. चहावाल्यानं त्याचं ऐकून खरंच रात्रीचा भात सोडला. ठोकळा म्हणून हाक मारणारे आता त्याला दादा म्हणायला लागले. बसमध्ये लोक सरकून जागा द्यायचे. जगात वावरणं इतकं सोपं असतं, बाकीची माणसं रोज अशीच वावरतात, हे त्याला इतक्या वर्षांनी कळत होतं, आणि थोडा रागही येत होता. पण राग कमी, गोडी जास्त.

ह्या गोडीपायी तो बाकीचं सगळं दडपत होता. पॉलिशचा हात फिरवताना बोटं थरथरायची, कडेला ओघळ यायचे, मग ते पुसून तो पुन्हा हात मारायचा. जिना चढला की छातीत कुणी दार ठोठावतंय असं व्हायचं. गार हवेतही सदरा घामानं भिजायचा. आपल्या अंगात काहीतरी बिघडलंय हे त्याला कळत होतं. मूर्ख नव्हता तो. पण बिघडलंय म्हटलं की कौतुक संपलं, हेही त्याला कळत होतं.

बायकोनं मात्र सुरुवातीपासून धसका घेतला होता. शेजारणी तिचं अभिनंदन करायच्या, नवऱ्याला काय खायला घालतेस ते आम्हालाही सांग म्हणायच्या. भात ती दुप्पट टाकत होती आणि पातेलं रिकामं होत होतं. शेवटी एकदा जेवताना तिनं सरळच सांगितलं, की दोघांचं जेवण एकटे जेवता आणि तरी गळत चाललाय, हे बरं लक्षण नाही, डॉक्टरांना दाखवू या.

"माझं जरा चांगलं झालेलं तुला बघवत नाही का?" तो म्हणाला.

इतक्या वर्षांच्या संसारात तो तिला असं कधी बोलला नव्हता. तिनं त्याच्या ताटात आणखी भात वाढला, आणि तो त्यानं खाल्ला.

तिच्या मनासाठी म्हणून तो डॉक्टरांकडे गेला खरा. छातीतली धडधड सांगायची, असं ठरवूनच गेला होता. पण तो दारात दिसताच डॉक्टर खुर्चीतून उठले, त्यांनी त्याचा हात हातात घेतला, आणि बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांना हाक मारून त्याला दाखवलं. बघा, मनात आणलं तर काय होतं. आयुष्यभर ज्या माणसानं त्याला खाली बघायला लावलं, तो आज त्याच्या पाठीवर थाप मारत होता. धडधड ओठांपर्यंत आली आणि तिथूनच परत गेली. घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं, डॉक्टर म्हणाले उत्तम चाललंय. ते खोटंही नव्हतं, पंचाईत तीच होती.

कारखान्यात त्याच दिवसांत एका शाळेच्या सभागृहाची मोठी ऑर्डर चालू होती. खुर्च्या एकामागून एक पास होत होत्या. करकर जवळजवळ बंदच झाली. मिस्त्री खूश, आपला हात आता असा काही बसलाय की सांधा चुकतच नाही, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. ठोकळा बसायचा, डुलायचा, खूण करायचा. दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, की काम तेच आहे, फक्त बसणारा बदललाय.

खुर्च्या जाऊन काही दिवस झाले असतील. एका दुपारी एक बाई रिक्षातून उतरल्या. त्याच शाळेत शिकवणाऱ्या, वयानं तरुण, अंगानं चांगल्या भरलेल्या. एका हातात खुर्चीचं बूड आणि दुसऱ्या हातात तिचा मागचा पाय. मिस्त्री उठून पुढे गेला. बाईंनी आवाज खाली ठेवून सगळं सांगितलं. पालकांची सभा भरलेली, त्या बसल्या आणि खुर्ची मोडली. त्या पडल्या. आधी मुलं हसली, मग पालक. हेडसरांनी तेव्हापासून त्यांना भिंतीकडेच्या बाकावर बसायला सांगितलंय.

"माझ्या वजनानं मोडली," त्या म्हणाल्या. "दुरुस्तीचं काय ते मी बघते. आणि माझ्यापुरती एक जरा भक्कम बनवून द्याल का? फक्त ती वेगळी दिसायला नको."

मिस्त्री विरघळला. मनानं तो चांगला, म्हणूनच त्यानं चांगल्या मनानं एक भलतंच काम केलं. त्यानं ठोकळ्याकडे बोट दाखवलं आणि बाईंना सांगितलं, की अहो मनाला लावून घेऊ नका, हे आमचे दादा बघा, पूर्वीच्या ह्यांच्यापुढे तुम्ही काहीच नाही. ह्यांनाच विचारा कसं उतरवलं ते.

बाईंनी खरंच विचारलं. तोंडावरचा घाम पुसत, शाळेतल्या मुलीसारखं मान वर करून विचारलं, की कसं केलंत, मी सगळं करून थकले.

ठोकळ्याच्या हातात तोवर खुर्चीचं बूड आलं होतं. त्यानं ते उलटं केलं. पोटाखाली त्याची खूण होती, पेन्सिलीची, बरोबरची. त्यानं सांध्यात बोट घातलं. आतलं लाकूड कोरडं होतं. सरस एका बाजूला जेमतेम लागलेला. असल्या सांध्यावर पूर्वीचा ठोकळा नुसता टेकला असता तरी खुर्चीनं बोंब मारली असती. चालणं, साखर, दिवेलागणीच्या आतलं जेवण, सगळं उत्तर जिभेवर तयार होतं. टपरीवर ते पाठ झालं होतं. समोर बाई वाट बघत उभ्या होत्या. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की शाळेत पोरांनी वर्गाबाहेर गाठून पोटावर टपल्या मारल्या तेव्हाही तेवढी वाटली नव्हती.

"बाई, खुर्ची तुम्ही नाही मोडलीत," तो म्हणाला. "मी चुकीची पास केली. आणि मी काहीही केलेलं नाही. चालत नाही, काही सोडलं नाही, दुप्पट खातो. तरी वजन उतरतंय, कशानं ते मला ठाऊक नाही. हा हात बघा."

त्यानं हात पुढे केला. तो थरथरत होता, आणि आता तो लपवायला पॉलिशचा बोळाही नव्हता. मिस्त्री त्या हाताकडे बघत राहिला. मग त्यानं हातातली पटाशी बाकावर ठेवली, बाईंना हात जोडले, कारखान्याला भरदुपारी कुलूप लावलं, आणि ठोकळ्याला घेऊन आधी इस्त्रीच्या दुकानात गेला. बायकोनं दोघांना रस्त्यात बघितलं आणि काही न विचारता इस्त्री बंद केली.

ह्या वेळी डॉक्टरांना उठून हात मिळवायची संधीच मिळाली नाही. ठोकळ्यानं दारातूनच सगळं सांगितलं. डॉक्टरांनी त्याच्या गळ्यावरून बोटं फिरवली, नाडी धरली, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले. रक्त तपासायला पाठवलं. गळ्यातली एक ग्रंथी नको तेवढं काम करतेय, हृदय त्या धावपळीनं दमलंय, आणखी थोडे दिवस गेले असते तर अवघड होतं, असं निघालं. गोळ्यांनी आटोक्यात येईल, म्हणाले. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, की हे मागच्या वेळीच का नाही सांगितलंत.

उत्तर बायकोनं दिलं. "तुम्ही विचारलंत कुठं? तुम्ही तर शाबासकी दिलीत."

डॉक्टरांनी चष्मा पुसला, आणि पुढच्या सगळ्या भेटींत ते त्याला बसवून आधी 'काय होतंय' असं विचारायला लागले. एवढं तरी झालं.

सभागृहातल्या सगळ्या खुर्च्या मिस्त्रीनं टेम्पो पाठवून परत आणल्या. उतरलेलं वजन भरून काढायला ठोकळा मांडीवर वाळूचं पोतं घेऊन एकेकीवर बसला. काही करकरल्या, दोन तर मान टाकून मोकळ्या झाल्या. मिस्त्रीचा बसलेला हात पुन्हा उठला, आणि त्यानं सगळे सांधे नव्यानं केले. बाईंना वेगळी खुर्ची त्यानं करून दिली नाही. सगळ्याच भक्कम केल्या, कुठलीही घ्या, म्हणाला. हेडसरांना ठोकळा स्वतः जाऊन भेटला आणि खुर्ची कुणामुळे मोडली ते सगळ्या शिक्षकांदेखत सांगून आला. बाई आता बाकावर बसत नाहीत.

गोळ्या लागू पडल्या. हात थांबला, धडधड थांबली, भूक माणसात आली. आणि हळूहळू अंग भरायला लागलं. टपरीवर चहावाला हळहळला, एवढी मेहनत पाण्यात गेली म्हणाला. ठोकळ्यानं त्याला खरं काय ते सांगितलं, आणि तू रात्रीचा भात खात जा, असंही सांगितलं. चहावाल्याला ते पटलं नाही. दादा म्हणणारे पुन्हा ठोकळा म्हणायला लागले, बसमधल्या पिशव्या पुन्हा शेजारच्या जागेवर आल्या. त्याला वाईट वाटायचं. वाटायचंच, बरा झाला म्हणून काही तो दगड झाला नव्हता. फक्त आता तो सगळ्यांच्या आधी हसत नसे.

एके दिवशी दुपारी बायको डबा घेऊन कारखान्यात आली, तेव्हा मिस्त्रीनं एक नवी खुर्ची मधोमध ठेवली होती. वाळूचं पोतं कोपऱ्यातच होतं. ठोकळा टेकला, वजन सोडलं, मागे रेलला. खुर्ची करकरली, चांगली मोठ्यानं. मिस्त्रीनं सवयीनं कपाळाला हात लावला, आणि मग तो तसाच थांबून बायकोकडे बघायला लागला. ती डबा छातीशी धरून उभी होती आणि तिचे डोळे भरून आले होते.

"अहो," ती म्हणाली, "परत एकदा बसा ना."