रांगोळीच्या आत

चामराजपेटेत आमच्या समोर राहणाऱ्या बाईंना सारी गल्ली अक्का म्हणे. साऱ्या दारांतल्या रांगोळ्या घालून झाल्या, की मगच त्या आपला अल्सेशियन कुत्रा फिरवायला काढत. समोरून कुणी आले, की साखळी आखडून त्या भिंतीकडे सरत आणि त्याचे तोंड आपल्या पदराकडे वळवीत.

एकदा पलीकडच्या गल्लीत एक अल्सेशियन टपालवाल्याला चावला. त्याच संध्याकाळी वडीलमंडळी अक्कांच्या दारी आली.

"ती जातच वाईट. उद्याच याला कुठेतरी सोडून या," कोपऱ्यावरचे दुकानदार अण्णा म्हणाले.

"चावला तो दुसरा, अण्णा. याचं काय ते याला पाहून ठरवा. स्वल्प थांबा."

त्यांनी दार सताड उघडले आणि साखळी काढली. कुत्रा उंबऱ्यापुढच्या रांगोळीपर्यंत येऊन बसला. साखळीशिवाय ती ओलांडायची नाही, हे अक्कांनी त्याला पिलू असल्यापासून शिकवले होते.

"रांगोळीनं का कुत्रं अडतं?" म्हणत अण्णांनी काठी फरशीवर आपटली.

त्याचे कान ताठ झाले, पाठीवरून शहारा सरसरत गेला. पण त्या पांढऱ्या रेषेचा कणही विस्कटला नाही. आमच्या ओट्यावरून मी सारे पाहत होते.

"सरी, ठीक आहे, अक्का," अण्णा हळू आवाजात म्हणाले. "राहू दे त्याला. आता साखळीसुद्धा नको."

अक्कांनी वाकून साखळी पुन्हा अडकवली. तिची बारीक किणकिण तेवढी ऐकू आली.

"तुमची भीती खोटी नाही, अण्णा. साखळी राहील."