कंसातला आवाज

प्रिय रेणू, प्रिय तन्मय,

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही. ते गेले, तेव्हाही ही गोष्ट माझ्याकडेच राहिली. मग तुम्हालाच का, आणि आत्ताच का? कारण गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी सहज म्हणून दोन गोष्टी विचारल्यात. रेणू, तू म्हणालीस की आता तुलाही रुग्णांशी बोलून त्यांचे अनुभव लिहून काढायचे आहेत. आजी हे काम करायची, तर नीट ऐकायचं कसं ते सांग. आणि तन्मय, तू म्हणालास, जुनी रेकॉर्डिंग असतील तर पाठव, मागचे नको ते आवाज संगणक आता मिनिटभरात काढून टाकतो.

मी म्हणाले, ती सगळी हरवली.

सगळी हरवलेली नाहीत. एक आहे.

तुम्हाला एवढंच माहीत आहे की कॉलेजातून निवृत्त झाल्यावर आजी काही दिवस खेड्यापाड्यांत फिरत होती. ते काम असं होतं – लकवा झालेल्या माणसांची घरी देखभाल कशी होते, हे बाहेरून आलेल्या एका गटाला समजून घ्यायचं होतं. त्यांना आकडे नको होते. माणसं काय सांगतात ते हवं होतं, त्यांच्याच शब्दांत. पण त्यांना वऱ्हाडी कळत नव्हती. मला वऱ्हाडी येत होती, इंग्रजी मी जन्मभर शिकवलं होतं, अक्षर चांगलं होतं आणि कागद नीट ठेवायची सवय होती. घरोघर जायचं, प्रश्न विचारायचे, बोलणं रेकॉर्ड करायचं आणि बुलडाण्याला परत येऊन शब्दन्‌शब्द उतरवून त्याचं इंग्रजी करायचं. उभा जन्म मी वर्गात बोलत आले होते. आता नुसतं ऐकायचं होतं – त्यात अवघड ते काय, असं मला वाटलं.

गाव धाडच्या पुढचं. नाव लिहीत नाही. नाव कुठं येणार नाही, असं आम्ही प्रत्येक घरी सही करून देत होतो. बघा, ते वचन मी अजून पाळते आहे. सुनंदा हेही तिचं खरं नाव नव्हे.

ती माझी विद्यार्थिनी निघाली. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला शेवटच्या बाकावर बसायची, मग लग्न झालं आणि कॉलेज सुटलं. दारात मला बघून तिनं आधी पदर सावरला आणि मग तोंडावर हात ठेवून हसली.

"अवं माय! मॅडम, तुमी? या न, बसा न. आता काही खडू फेकून मारसान तर नाही न मले?"

मीही हसले. कापूस वेचणीचे दिवस होते. पुढच्या खोलीत एका कोपऱ्यात कापसाचा ढीग होता, त्याला टेकून आम्ही सतरंजीवर बसलो. आतल्या खोलीच्या दाराला जुन्या लुगड्याचा पडदा होता. पडद्यामागे तिची सासू – सुनंदा त्यांना आत्याबाई म्हणे.

आमचा पहिला नियम असा होता की रुग्णाला बोलता येत असेल तर रुग्णाशीच बोलायचं. फॉर्मच्या पहिल्याच पानावर प्रश्न होता, 'रुग्ण स्वतः उत्तरं देऊ शकतो का?' मी सुनंदाला विचारलं. ती म्हणाली, "नाही न मॅडम. लकवा झाला तवापासून वाचाच गेली त्याहीची. मलेच इचारा." आणि मी 'नाही'च्या चौकोनात खूण केली. शाईनं. पडदा माझ्यापासून चार पावलांवर होता. उठून आत जावं, निदान नमस्कार करावा, हे मला का सुचलं नसेल? की सुचलं होतं?

रेकॉर्डर सुरू केला. मी विचारत गेले, ती सांगत गेली. आंघोळ? रोज घालतो न मॅडम, गरम पाण्यानं. जेवण? आमच्या आधी त्याहीलेच देतो. गोळ्या? कधी संपू देत नाही. आणि प्रत्येक उत्तरानंतर आतून आवाज येत होता – लोखंडी खाटेवर काहीतरी आपटल्यासारखा. ठक ठक. मला आधी वाटलं, मांजर असेल. मग सुनंदाच ओरडली, "ठेवा न आत्याबाई तो पेला! मॅडम आल्या न आपल्या घरी." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "पाहा, लेकरावानी करतात."

मी मान हलवली. पुढचा प्रश्न विचारला – पडून पडून पाठीला काही जखम?

"नाही न मॅडम. कायची जखम?"

ठक ठक.

सुनंदा दुष्ट होती, असं कृपा करून समजू नका. तिच्या बोटांना बोंडांनी ओरखडे पडले होते. वेचणी, ढोरं, दोन मुलं आणि आत खाटेवर ही बाई. मदतीला कुणी नाही. चहा करताना तिचा डोळा लागत होता, हे मी पाहिलं. पण मी हे सुनंदाबद्दल लिहीत नाही.

शेवटचा प्रश्न होता – त्यांना बोलता येत नाही, तर त्यांना काय हवं ते तुम्हाला कळतं कसं?

सुनंदा लगेच म्हणाली, "पेला वाजवतात न. एक डाव वाजवला म्हंजे हाव. दोन डाव वाजवला म्हंजे ना–"

तिथं ती थांबली. मीही थांबले. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मी तिच्याकडे. बाहेर कोंबड्या होत्या, त्यांचाही आवाज तेवढ्या वेळात आला नाही – किंवा मला आला नाही. आणि मग पडद्यामागून, अगदी सावकाश, पेला एकदाच वाजला.

ठक.

हो. बरोबर सांगते आहे ती. एकदा म्हणजे हो.

पाऊण तास त्या घरात मी दोन बायकांची मुलाखत घेत होते. एकीला विचारत होते आणि दोघी उत्तर देत होत्या. हे मला नंतर कळलं असं सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं! मला तिथंच कळलं. त्याच क्षणी. पडदा चार पावलांवर होता. मी काय केलं असेल? रेकॉर्डर बंद केला, "चहा छान झाला होता गं," म्हणाले आणि जीप पकडायला निघाले. वाटेत मागं वळून पाहिलं नाही. कुणीतरी मागून येतंय, असं मात्र फाट्यापर्यंत वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी उतरवायला बसले. वीज गेलेली, पंखा बंद, घरात चिटपाखरू नाही. कानात ते बारके स्पीकर. आंघोळ – ठक ठक. जेवण – ठक ठक. गोळ्या – ठक ठक. कानात घातल्यावर तो आवाज खोलीत होता त्याहून मोठा झाला होता. एकदा मी स्पीकर काढून ठेवले, तरी तो आला. मी आपल्याच घराच्या आतल्या खोलीत जाऊन पाहून आले. तिथं कुणी नव्हतं, खाटही नव्हती.

उतरवताना मधले आवाज कंसात लिहायची पद्धत होती – हसणं, रडणं, कुणी दार वाजवलं तर ते. पहिल्या उत्तरापुढे मी कंस केला आणि लिहिलं – भांड्याचा आवाज. दुसऱ्यापुढेही लिहिलं. तिसऱ्यापुढे लिहिताना हात थांबला. वाचणारा विचारील ना, एवढी भांडी कसली वाजतात? आणि शेवटच्या उत्तरापाशी आला की त्याला सगळं कळेल. मग तो पहिलं पान उलटून पाहील. तिथं माझी खूण आहे. 'नाही.'

तुम्हाला वाटेल, मी सुनंदाला वाचवलं. पुढे काही वर्षं मीही स्वतःला तेच सांगत होते – लेकीसारखी मुलगी, गावात नाव खराब झालं असतं, आणि आपण गुप्ततेचं वचन दिलंय. खरं कारण याहून फार लहान आहे, इतकं लहान की लिहायला लाज वाटते. त्या पानावर मला खाडाखोड करावी लागली असती. माझ्या एकाही फॉर्मवर खाडाखोड नव्हती. गटातली माणसं माझे कागद नव्या मुलींना नमुना म्हणून दाखवायची.

मी दुसरा कंस खोडला. मग पहिलाही. आणि ते पान स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहून काढलं.

इथंच संपलं असतं. पण आमच्या कामात अशी रीत होती की लिहून झालेलं बोलणं त्याच माणसाला परत जाऊन वाचून दाखवायचं आणि विचारायचं, तुम्ही म्हणालात ते असंच ना? पंधरा-वीस दिवसांनी मी पुन्हा त्या सतरंजीवर बसले होते. कापसाचा ढीग वाढला होता. पडदा तोच. सुनंदा या वेळी हसली नाही, खडूचं काही बोलली नाही. मांडणीवर, सगळ्यांत वरच्या फळीवर, एक स्टीलचा पेला पालथा ठेवलेला होता. त्याची कड एका बाजूनं चेपून आत गेली होती.

मी त्याच्याकडे पाहते आहे, हे तिनं पाहिलं.

"खाली पडला की लय आवाज होते मॅडम," ती म्हणाली. "म्हून आता प्लास्टिकचा देल्ला त्याहीले."

रेणू, तन्मय – मी जे कागदावर केलं होतं, तेच तिनं घरात केलं होतं. आणि तिला तो आवाज ऐकायला शिकवलं कुणी? मीच. माझ्या शेवटच्या प्रश्नानं.

मी वाचायला लागले. आंघोळीचं वाक्य झालं. आतून आवाज आला – पिचका, बोदा, नखानं पुठ्ठ्यावर वाजवावं तसा. टप टप. ऐकायचं ठरवलं नसतं तर आलाच नसता. जेवण. टप टप. गोळ्या, जखम. टप टप. सुनंदा मान खाली घालून सतरंजीचा धागा ओढत होती. मी पानं उलटत गेले. आवाज मुद्दाम थोडा चढवला, वर्गात मागच्या बाकांसाठी चढवायची तसा – पण कुणाला ऐकू जावं म्हणून, आणि काय ऐकू येऊ नये म्हणून?

शेवटच्या पानावर मी नियमाप्रमाणे विचारलं, "हे सगळं बरोबर आहे ना?"

"हाव मॅडम. सारं बराबर हाये," सुनंदा म्हणाली.

मी थांबले. आतून दोन यायला हवे होते. मी दोनाची वाट पाहत होते. मग वाटलं, एक तरी येईल. काहीच आलं नाही. पडदा जरासा हलला, पण तो वाऱ्यानं असेल. ती बाई तिथंच होती, जागी होती, मी काय विचारलं ते तिनं ऐकलं होतं. तिनं उत्तर द्यायचं सोडून दिलं होतं.

मी सुनंदाची सही घेतली आणि निघाले. पडद्यापर्यंतची ती चार पावलं दुसऱ्यांदाही मी टाकली नाहीत. त्या बाईचा चेहरा मी आजतागायत पाहिलेला नाही. तिला मी ओळखते ती फक्त आवाजावरून.

अहवालात सुनंदाची वाक्यं आली. 'आमच्या आधी त्याहीलेच देतो' याचं मी केलेलं इंग्रजी सुरेख होतं. घरच्या मायेचं उदाहरण म्हणून ते दिलं होतं. उन्हाळ्यात एकदा सुनंदाचा फोन आला. "मॅडम, आत्याबाई गेल्या. काही तरास नाही झाला त्याहीले."

तिचं बोलून झालं होतं, आणि मी फोन कानाला धरून तशीच उभी होते. ती "हॅलो, हॅलो" करत होती. मी कशाची वाट पाहत होते, ते तुम्हाला आता कळेल. मग मी म्हणाले, "सुटल्या." हेच म्हणाले.

तुम्ही मागच्या वर्षी मला ती हलकी, रंगीत प्लास्टिकची बाटली आणलीत. आजीच्या हातात आता जोर नाही, स्टीलचं जड तांब्या-भांडं कशाला, म्हणालात. मी ती वापरत नाही म्हणून तन्मयनं माझी किती चेष्टा केली! बाटली कपाटात आहे. माझ्या उशाशी स्टीलचा पेला असतो. हल्ली कामाला येणाऱ्या बाई कुणाशी फोनवर बोलत असल्या – "हो हो, आजी बऱ्या आहेत, खातात-पितात" – तर माझा हात आपोआप त्या पेल्याकडे जातो.

रेणू, ऐकायचं कसं ते मी तुला सांगू शकत नाही. मला ते येत नाही.

काम संपल्यावर सगळी रेकॉर्डिंग पुसली, असं लिहून द्यायचं होतं. मी लिहून दिलं. बाकीची खरोखर पुसली. हे एक पुसलं नाही. रेकॉर्डर माझ्या कपाटात, खालच्या खणात, हातरुमालांच्या घडीखाली आहे. सेल काढून वेगळे ठेवले आहेत. घातले की तो अजून चालतो. त्यात सुनंदाचा आवाज आहे, माझा आहे आणि पेल्याचा आहे. तिन्ही स्पष्ट ऐकू येतात.