लपवलेला रकाना

"तुम्ही राहू द्या. तुम्ही बाहेर चपलांपाशी बसा."

मराठी मंडळाच्या गणपतीत मी मोदकांच्या उकडीच्या परातीला हात लावायच्या आतच मॅडम असं म्हणाल्या. वर कारणही दिलं. दिवस वाईट आहेत, पंजाब पेटलाय, चंदीगडमध्ये कुठेही बेवारस पिशवी सापडते, दाराशी कुणीतरी जबाबदार माणूस हवं. पिशवी दिसली तर हात लावू नका, आम्हाला हाक मारा. कालपर्यंत ही बाई मला 'अगं' म्हणायची. त्या दिवशी एकदम 'तुम्ही'.

मी बसले. आत नारळ, गूळ, हसणं. बाहेर मी आणि चपलांचे साठेक जोड. बॉम्ब फुटलाच तर पहिली मी. हे माझ्या लक्षात यायला अर्धा तास लागला, इतकी मी भोळी.

आमच्या घरी गणपती बसत नाही. मराठी मंडळात मी जायची ती मराठी ऐकायला. नवरा एअर फोर्समध्ये टेक्निशियन. मी एका इस्पितळाच्या सर्जरी विभागात डेटा ऑपरेटर. दिवसभर कानावर हिंदी-पंजाबी. कुणी 'जेवलीस का' विचारलं तरी बरं वाटायचं. माझ्या आडनावावरून काही कळत नाही. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. चार वर्षं त्यांच्यात बसून मोदक वळले. माझ्या मोदकांच्या पाकळ्या सगळ्यांत नाजूक, हे मॅडमच चारचौघींत सांगायच्या.

मग कळलं कसं? माझ्याच हातून. कर्फ्यूत एकमेकांचे पत्ते जवळ असावेत म्हणून मंडळाला इस्पितळातल्या मराठी माणसांची यादी हवी होती. मॅडम मंडळाच्या सेक्रेटरी. त्यांचे यजमान म्हणजे आमच्या विभागाचे सर, माझे साहेब. ते म्हणाले, स्टाफची शीट आहे ना आपल्याकडे, त्यातली मराठी नावं फ्लॉपीवर दे. शीटमध्ये सगळंच होतं. नाव, पत्ता, जन्मतारीख, कॅटेगरी, आजारपणाच्या रजा, फोन. मी विचारलं, मधलं पुसू का? म्हणाले, पुसत कशाला बसतेस, लपव आणि दे. मी लपवलं.

मॅडम कॉलेजात शिकवायच्या, तिथे संगणक होता. पडद्यावर रकान्यांच्या डोक्यावर ए, बी आणि मग थेट एफ. मधली तीन अक्षरं गायब. कुणालाही शंका येईल. चार कळा दाबल्या की लपवलेले रकाने पुन्हा हजर. माझ्या नावापुढे एस.सी. ते मीच टाईप केलेलं. मॅडमनी ते उघडून दोघीतिघींना दाखवलं, असं त्यांतल्याच एकीनं मला नंतर सांगितलं. हसत सांगितलं. छापून घरोघर वाटताना मात्र रकाने परत झाकले होते म्हणे. एवढा सभ्यपणा त्यांच्यात होता.

सोमवारी मी सरांच्या टेबलापुढे उभी राहिले. म्हटलं, सर, ती माहिती ऑफिसची होती. त्यांनी मान वर केली नाही.

"सवलत घेताना लाज वाटली नाही. आता कसली वाटते?"

मी काहीच बोलले नाही. बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि रडले. मला लाज वाटते ती त्या गप्प बसण्याची. जातीची नाही.

त्याच सुमाराला सरांचा अभ्यास पुरा होत आला होता. गोळी लागलेल्या, स्फोटात सापडलेल्या पेशंटचा. फॉर्म मी भरून घ्यायची. नाव, बापाचं नाव, गाव, जखम, कोणी आणलं. एक म्हातारी होती, सरहद्दीकडच्या गावची. मुलाच्या मांडीत गोळी. कुणाची, ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. त्या गावांत दोन्हीकडची माणसं घरी यायची, वर्दीतली आणि बिनवर्दीची. कुणाला कुठे गोळी लागली एवढं कळलं की दार शोधायला वेळ लागत नसे. फॉर्मवर अंगठा उठवताना तिनं माझं मनगट धरलं.

"धीए, साडा नां बाहर ना जावे."

माझ्या मुली, आमचं नाव बाहेर जाऊ देऊ नकोस. मी म्हटलं, नहीं जाएगा माँजी, पक्का.

आणि एक दिवस सर म्हणाले, दिल्लीच्या मित्राला ही शीट पाठवायची आहे. मी विचारलं, तो पुढे कुणाला देईल? हसले. देईल कुणालाही, तुला काय करायचंय. नाव-गाव लपव आणि दे.

लपव. तोच शब्द, त्याच तोंडून. माझं डोकं फिरलं.

"लपवणार नाही, सर. पुसून देते."

ते उठून माझ्या खुर्चीमागे आले. आवाज चढवला नाही. कोट्यातून आलेल्यांनी आम्हाला अभ्यास शिकवायचे दिवस आले, एवढंच म्हणाले. सगळं खातं ऐकत होतं.

मी खुर्ची सोडली नाही. शीटची नक्कल काढली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तिच्यातले रकाने पुसले. नाव गेलं. बाप गेला. गाव गेलं. कोणी आणलं, तेही गेलं. नावाच्या जागी नुसते आकडे. कोऱ्या फ्लॉपीवर उतरवलं, कारण जुनीवरचं खोडलेलंसुद्धा जाणकाराला वर काढता येतं. मूळ शीटची फ्लॉपी आणि फॉर्म संचालकांच्या ऑफिसात नेऊन जमा केले. सोबत अर्ज दिला, की या माणसांना आपण शब्द दिला आहे. अर्जाची पोच घेतली.

मेमो आला. बदली तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये. मंडळाचं बोलावणं बंद झालं. नवरा म्हणाला, माझी इथली पोस्टिंग संपेपर्यंत तरी गप्प बसायचंस. मी अर्जाची पोच त्याच्या हातात दिली.

आता माझी जात मी स्वतः सांगते. पहिल्या भेटीत, नाव सांगितल्यावर लगेच, समोरच्याच्या डोळ्यांत बघून. ती कुणाला सांगायची, कधी सांगायची, हे मी ठरवीन. त्या म्हातारीचं गाव कुणाला कळावं, हे ती ठरवील. माझ्या हाती येईल त्या यादीतलं एकही माणूस त्याला विचारल्याशिवाय बाहेर जाणार नाही. समोर साहेब कुणीही असो. मेमो लिहा. मी सही करते.