हरेश्वरमामांचा कान

हरेश्वरमामांच्या शेडवर गाडी नेली की पहिल्यांदा गाडीकडे कुणी बघतच नसे. मामा गिऱ्हाइकाला समोर उभं करायचे, हात मागे बांधायचे आणि म्हणायचे, "हां, आता काडून दाखव." म्हणजे गाडीतून जो आवाज येतो तो तोंडाने काढून दाखवायचा, तोही बोईसर-चिंचणी रस्त्याच्या कडेला, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत. पालघरच्या एका वकिलांना मी तिथे "खटाक, खटाक, घर्र" करताना पाहिलंय. एका नवऱ्यामुलाचे वडील, मुलीकडची माणसं गाडीत बसलेली असताना, मांजरासारखे गुरगुरत होते. फोनवर आवाज टेप करून आणणाऱ्याची तर खैर नसे. "फोनला बेरिंग असतं काय रे? तुज्या कानात काय शिरलं ते सांग."

माझीही परीक्षा झाली. मी वाणगावची. घरची मिरचीची शेती नवरा बघतो, मी जीप चालवते. आसपासच्या गावांतल्या बायांना सकाळी तारापूरच्या कारखान्यांत सोडायचं आणि संध्याकाळी घरी आणायचं, हा माझा धंदा. एकदा जीप मागून घुमायला लागली. एका गॅरेजवाल्याने गाडी न बघताच सांगितलं, "मॅडम, पीछे का पूरा हौसिंग बदलना पड़ेगा," म्हणजे मागच्या दोन चाकांमधलं अख्खं लोखंडी कवच, आणि माझं धाबं दणाणलं. मग बायांसकट जीप मामांच्या दारात नेली. "काडून दाखव" म्हटल्यावर मी लाजत "घूंऽऽ" केलं. मागच्या सीटवरून रंजना म्हणाली, "घूं नाय गो, व्हूंऽऽ." तिसरी म्हणाली, आधी घूं नि मग व्हूं. बघता बघता सगळ्या जीपने आरतीसारखा सूर धरला. मामांनी डोळे मिटून तो पूर्ण ऐकून घेतला आणि म्हणाले, "तुमची भजनी मंडली चांगली हाय. चला, आता गाडीचं ऐकू."

ते चपला काढून मागच्या चाकावरच्या सीटवर बसले, तळपाय पत्र्याला टेकवले. मला म्हणाले, "दाब." मी ॲक्सिलेटर दाबला. "सोड." मी सोडला. आवाज तसाच होता. "म्हंजे आतल्या चक्रांचे दात बरे हायत. आता रस्ता मोकला बघून जरा नागमोडी चालव." जीप उजवीकडे वळून डाव्या अंगावर झुकली की आवाज वाढे, डावीकडे वळली की कमी होई. "डाव्या चाकाचं बेरिंग," मामांनी निकाल दिला. "वजन अंगावर आलं की रडतंय बिचारं." मला तर शपथेवर तो आवाज उजवीकडून येत होता. तसं म्हटल्यावर ते हसले. "मागचा आवाज लबाड असतो पोरी. बसतो एकीकडं, बोलतो दुसरीकडं." चाक उघडलं, बेरिंग डावंच गेलं होतं.

आता कुणाला वाटेल, मामा साधेभोळे, आपलं काम नि आपण. छे! फुशारकीत त्यांचा हात कुणी धरला नसता. "पालघर जिल्ह्यात कान दोनच," ते सांगत. "एक माजा डावा नि एक माजा उजवा." मूळचे सातपाटीचे. तरुणपणी बोटीवर इंजिनाची देखभाल करत, नंतर जमिनीवर आले. पण बोटीवरची मोठ्याने बोलायची सवय काही सुटली नव्हती. ट्रकवाल्यांशी त्यांचं हिंदी ऐकण्यासारखं असे. कुणी म्हणालं, "मामा, पीछे से कुकर जैसा आवाज आता है," की मामा विचारणार, "शिट्टी मारता हाय, का खाली डाल शिजता हाय?"

एकदा त्यांचा सातपाटीचा दोस्त जुनी गाडी विकत घेऊन पेढे घेऊनच आला. गाडी मागून इतकी शांत की दोस्ताचा आनंद मावेना. मामा एक फेरी मारून आले ते कपाळाला आठ्या घालून. "या वयाच्या गाडीनं थोडं कन्हायला पायजे. ही एवडी गप कशी?" त्यांनी मागच्या चाकांमधल्या, दातेरी चक्रांच्या गोळ्याचं ऑइल खाली सोडलं तर त्यातून लाकडाचा भुसा निघाला. दात झिजल्याचा आवाज दाबायला विकणाऱ्याने तो भरला होता. "बरी नाय केली रे तिला," मामा म्हणाले, "नुसतं तोंड दाबलंय." दोस्ताचा चेहरा पडला, पण मामांनी पेढे मात्र सोडले नाहीत.

चुकायचेही. माझ्याच जीपच्या मागून ठकठक यायची म्हणून त्यांनी अर्धा दिवस खाली झोपून लांब शाफ्ट उतरवला, त्याच्या सांध्यातला क्रॉस बदलला, पुन्हा चढवला. ठकठक कायम. शेवटी रंजनाला आठवलं की जत्रेतून आणलेला नारळ ती सीटखाली ठेवून विसरली होती. तो ब्रेकला पुढे नि चढाला मागे घरंगळत होता. मामांनी तो तिथेच पान्याने फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं. "हे बेरिंग गोड निघालं," म्हणाले. आमच्या बाया त्यांच्यावर जीव टाकत त्या अशा गोष्टींमुळे. मीही टाकत होते.

दिलीप मात्र त्यांच्या बोलण्याला कंटाळून गेला. मामांच्या हाताखाली तयार झालेला, हुशार माणूस. त्याने एकदा डॉक्टरांसारखी कानात घालायची नळी आणली. तिचं टोक हौसिंगला लावून आतला आवाज ऐकायचा. मामा भर शेडमध्ये ओरडले, "गाडीला ताप आलाय काय? माजा कान मेला काय?" दिलीपने नळी गुंडाळली आणि पालघरला स्वतःचं गॅरेज टाकलं. तेव्हापासून मामांच्या शेडवर त्याचं नाव काढायची सोय नव्हती.

गेल्या दिवाळीनंतर माझी जीप मागून करकरायला लागली. साधासुधा आवाज नव्हता तो. रस्त्यावरची कुत्री मान वळवून बघत. मामा नेहमीसारखे मागे बसले, तळपाय टेकवले, डोळे मिटले. मी दाबलं, सोडलं, नागमोडी चालवली. परत आल्यावर मामा उतरले आणि म्हणाले, "काय नाय. गाडी मस्त हाय. जा बिनधास्त."

आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघत राहिलो. मामी शेडच्या मागे मासळी साफ करत होत्या. त्यांनी मला हळूच बाजूला घेतलं. "त्यांना आता ऐकू येत नाय गो. डॉक्टर झाला, सगलं झालं. बोलू नको, खचतील." त्यांचे डोळे भरले होते. पण जीपमध्ये बाया बसतात. आणि माझी जीप निघाल्यावर मागून दुसऱ्या कुणाची तरी गाडी येणार, तिलाही मामा "मस्त हाय" म्हणणार, आणि ती माणसं त्यांच्या शब्दावर घाट उतरणार. मी परत त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"मामा, आवाज हाय. मोठा हाय."

"काय?"

"आवाज हाय!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग एकेका बाईकडे. "सगल्यांना येतो?"

सगळ्यांनी मान हलवली. रंजना तर रडायलाच लागली. मामा टायरवर बसले आणि बराच वेळ हातातलं फडकं पिळत राहिले. मला वाटलं, आता आपल्यावर बरसणार. ते उठले, शेडचं शटर ओढलं आणि जीपमध्ये येऊन बसले. "बायांना सोड नि पालघरला चल. हलू चालव, चाक गरम होतंय का बगत."

मधे थांबून चाकाला हात लावून बघत आम्ही पालघरला पोचलो. दिलीपचं गॅरेज भर रस्त्यावर. चार गिऱ्हाइकं, दोन कामगार, शेजारी चहावाला. मामा उतरून सरळ त्याच्यासमोर गेले. मला वाटलं होतं, काहीतरी सबब सांगतील, सहज आलो म्हणतील. पण कमी ऐकणारा माणूस मोठ्याने बोलतो, त्यामुळे ते म्हणाले ते अख्ख्या रस्त्याने ऐकलं.

"दिलीप, हिची गाडी बग. मला ऐकू येत नाय."

ज्या माणसाने आयुष्यभर कानाचीच ऐट मिरवली, त्याने हे वाक्य उभ्या रस्त्यात म्हणावं! दिलीपने पाना खाली ठेवला. मामांच्या जवळ येऊन त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून विचारलं, "हात चालतात ना?"

"चालतात की! हाताला काय झालंय?"

"मग मी ऐकतो, तुमी खोला. माज्याकडं खोलायला तुमच्यासारखा मानूस नाय."

मामांनी त्याच्याकडे नीट निरखून बघितलं, कीव करतोय की काय म्हणून. ती दिसली नसावी. "आदी चहा सांग," ते म्हणाले. "अजून मी गिऱ्हाईक हाय."

चहा झाला. मामांनी शर्ट काढून खिळ्याला लावला आणि जीपखाली शिरले. दिलीप मागच्या सीटवर जाऊन बसला, एका कामगाराला चाक फिरवायला लावलं, आणि ऐकू येईल ते खाली वाकून ओरडून सांगू लागला. जीपखालून मामा त्याच्याहून मोठ्याने ओरडत होते, "कललं रे, कललं! एवडा कशाला बोंबलतोस?"