खळ्यावरच्या चपला

माझा स्वभाव तिखट आहे हे सासरी पहिल्या वर्षीच सगळ्यांना कळलं आणि मीही तो सौम्य करायच्या भानगडीत पडले नाही. त्यामुळे गावाच्या सार्वजनिक खळ्यावर सभागृह बांधायचा ठराव ग्रामसभेत आला, तेव्हा मी उभी राहिले याचं कुणाला नवल वाटलं नाही.

आमचं गाव सोनाळ्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. सरपंच नात्यानं माझे चुलत दीर. ते म्हणाले, "खळं-बिळं काई राह्यलं नाही आता. मोकळी जागा हाय ते. रेशनचे गहू-तांदूळ भेटून राह्यले, मंग ज्वारीचं लचांड काऊन पाह्यजे?"

"मांगच्या पावसाळ्यात नाल्याले पूर होता," मी म्हटलं, "रेशनची गाडी पल्याडच थांबली. तवा तुमच्या घरी भाकर कोनाच्या ज्वारीची होती, भाऊजी?"

सभेत हशा पिकला, पण ठराव मंजूर झाला. हात वर करणारे बहुतेक सोयाबीनवाले. त्यांचा माल शेतातून थेट बाजारात जातो, त्यांना खळं कशाला हवं? आम्ही ज्वारीवाली थोडीच घरं. उन्हाळ्याच्या तोंडाशी काळ्या रानाला भेगा पडतात, त्यात दाणा सांडला की गेला. कणसं शेतात ठेवावीत, तर रानडुकरं वर्षाची बेगमी फस्त करतात. आमच्या शेतांपर्यंत रस्ता नाही, म्हणून मळणीयंत्रही खळ्यापर्यंतच येतं. खळं गेलं की ज्वारी गेली, आणि मग दर पावसाळ्यात नाल्यापलीकडच्या गाडीकडे डोळे लावून बसायचं. हे मला मान्य नव्हतं. आजही नाही.

म्हणून जागा मोजायला साहेब येणार होते त्या सकाळी आम्ही बायकांनी खळं शेणानं सारवलं, वाळल्यावर त्यावर कणसं पसरली आणि कडेला बसून राहिलो.

साहेब आले ते बुटांसकट सरळ आत शिरले. सरपंच त्यांच्या मागे. सभागृहाचं दार कुठे, मंच कुठे, हे हातवारे करून सांगत होते. सांगता सांगता खळ्याच्या कडेला थांबले, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि अनवाणी आत आले. बोलणं चालूच. आमच्याकडे खळ्यात पायताण घालून कुणी जात नाही. तिथे लक्ष्मी असते. लहानपणापासून पायांनाच ती सवय लागते.

मी बसल्या जागेवरूनच विचारलं, "भाऊजी, मोकळी जागा हाय त चपला काऊन काढल्या?"

सरपंचांनी खाली आपल्या पायांकडे पाहिलं. बायकांपैकी कुणी हसलं नाही. मला तर त्या क्षणी ते जरा आवडलेच. साहेबांनी कडेच्या चपला पाहिल्या, आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि बाहेर जाऊन बूट काढायला वाकले.

"राहू द्या, साहेब," सरपंच म्हणाले. "शाळेमांगं जागा हाय. तेच पाहू."

जाताना तळपायाला चिकटलेले दाणे त्यांनी हातानं काढले आणि परत कणसांवर टाकले. मग मला म्हणाले, "वहिनी, ठराव झालेला हाय बरं."

"असू द्या," कणसांकडे बोट दाखवून मी म्हटलं. "ज्वारीबी अठीच हाय."