आमच्या बाईंचं ‘रूट फॉर’

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो शहरात, राजारामपुरीत इंग्रजीचा क्लास घेणाऱ्या आमच्या बाईंचा. शाहूवाडीकडच्या माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. बाईंनी मला बी.ए.ला इंग्रजी घ्यायला लावलं.

पुस्तकातलं इंग्रजी मला जमे, बोलण्यातलं अडे. ‘रूट फॉर’ असाच अडला. बाई आम्हाला थेट दोन पेठांच्या संघांचा फुटबॉल सामना बघायला घेऊन गेल्या. आम्ही घसा बसेपर्यंत ओरडलो. परतताना त्यांनी सांगितलं, कुणीतरी जिंकावं म्हणून मनापासून त्याच्या बाजूनं असणं, म्हणजे रूट फॉर. गप्पांतला शब्द आहे, अर्जात लिहू नका. मी विचारलं, त्यासाठी ओरडावंच लागतं का?

“छे! गप्प बसूनही करता येतं.”

पुढे शहरातल्या एका हायस्कुलात इंग्रजी शिक्षकाची जागा निघाली. ती हुकली तर गावी जाऊन म्हशी बघायच्या, हे ठरलेलं होतं. मुलाखतीला गेलो तर फाटकाशी आमच्या गावचा दुधाचा टेम्पो. आई, आबा, चुलते, शेजारीपाजारी झाडाखाली बसलेले. गावचा पैलवान कुस्तीला निघाला की टेम्पो भरून माणसं जातात, तशी ही आली होती. मी लाजून परत जा म्हणालो. चुलते म्हणाले, “तू तुझं बघ की.”

आत हेडसरांनी खिडकीबाहेर बघत इंग्रजीत विचारलं, ही मंडळी कोण? पाठ केलेलं सगळं विसरलो होतो. तोंडून आलं, “दे आर रूटिंग फॉर मी, सर.”

ते म्हणाले, पण हे तर गप्प आहेत. मी बाईंचं म्हणणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्यांनी खिडकीतून हाक मारली, “काय पावणं, पोरासाठी ओरडत नाही?”

आबा उठून उभे राहिले. “वरडलो तर त्याचं ध्यान मोडंल की, सायेब.”

सगळे हसले. माझी भीती तिथंच गेली आणि पुढचं इंग्रजी आपसूक आलं.

बाई तेव्हा मुलीकडे बेळगावला होत्या. त्यांना लिहिलं:

‘ती. बाईंना शिरसाष्टांग नमस्कार. जागा मला मिळाली. सोमवारी आठवीवर पहिला तास आहे. वर्गात मागच्या बाकावर आपण बसावं, अशी इच्छा आहे. आबा टेम्पो पाठवतो म्हणतात, पण आपण एस.टी.नंच या, टेम्पोला दुधाचा वास येतो. जमलं नाही, तर आपण तिथूनच गप्प बसून करालच, हे मला ठाऊक आहे.’