कुणी हात लावला होता?

कार्ड मशीनची पावती बिघडली की कंपनी ज्यांना पाठवायची, त्यांना दुकानदार पाठीमागे ‘फौजदार’ म्हणत. दुकानात पाऊल टाकलं की फौजदार मशीन उचलत, चष्म्यावरून दुकानदाराकडे बघत आणि विचारत, “कुणी हात लावला होता?” आरोपी नेहमी समोरच उभा असे. इतक्या वर्षांच्या नोकरीत स्वतःची चूक त्यांना कधी सापडली नव्हती. शोधायला वेळ कुठे होता बिचाऱ्यांना!

शेवटी दुकानदारांनी साहेबांचे कान इतके किटवले, की साहेबांनी निक्षून सांगितलं, “आता आणखी एक तक्रार आली तर घरी बसा.” फौजदारांच्या तोंडचं पाणी पळालं. घरात पुढच्या खोलीत बायकोचं शिवणाचं दुकान होतं. तिथे बसायचं म्हणजे दिवसभर बटणं लावायची, आणि तीही तिच्या हुकमाखाली.

आणि नेमका त्याच आठवड्यात ऑफिसातून निरोप आला: शिवणाचं दुकान, पावतीवर ओळीवर ओळ चढतेय, अक्षर लागत नाही. पत्ता घरचाच होता. बायकोने आधी घरात सांगून पाहिलं होतं. रोजच्या “बघतो गं”ला विटून तिने सरळ कंपनीला फोन लावला. गिऱ्हाईक आणि मेकॅनिक एकाच घरात जेवतात, हे ऑफिसला कुठून ठाऊक असणार?

फौजदार पिशवी घेऊन पुढच्या दाराने आले. कोट न्यायला आलेल्या एक बाई न वाचता येणारी पावती उलटसुलट करत बसल्या होत्या. परक्या माणसासमोर रुबाब नको का? मशीन उचललं, चष्मा नाकावर घसरवला.

“कुणी हात लावला होता?”

“तुम्ही,” बायको कात्री न थांबवता म्हणाली. “रविवारी माझ्या शिलाई मशीनला तेल घातलंत. उरलेलं या रोलरला चोपडलंत. फार कुरकुरतंय म्हणालात.”

फौजदारांनी रोलरला बोट लावलं. बोट तेलकट झालं. कागद जागच्या जागी घसरत होता, म्हणून ओळी एकमेकींच्या डोक्यावर बसत होत्या. त्यांनी मुकाट्याने स्पिरिटचा बोळा काढला आणि रोलर पुसला. पावती स्वच्छ निघाली. बाई कोट घेऊन गेल्या.

एवढ्यात बायकोचा फोन वाजला. साहेब गिऱ्हाइकाला विचारत होते, काम कसं झालं, चूक कुणाची होती. फौजदारांना आपली नोकरी दाराबाहेर निघालेली दिसली.

“चूक आमच्या घरातलीच,” बायको म्हणाली. “नवऱ्याने नको तिथे तेल घातलं. तुमचा माणूस मात्र चांगला आहे हो. एका शब्दाने बोलला नाही.”

तिने फोन ठेवला.

“काय म्हणाले?” फौजदारांनी हळूच विचारलं.

“म्हणाले, नवऱ्याला मशीनपासून लांब ठेवा.”

फौजदारांनी मान डोलावली आणि कुणी न सांगता बटणांचा डबा पुढे ओढला.